काशिनाथ मिस्त्री आणि माझा एक ‘नाय’

सात वर्षं मी हे सांगायचं टाळलं. आधी वाटलं, विषय मिटला आहे. मग वाटलं, इतक्या दिवसांनी आता कशाला? खरं कारण एकच, मला लाज वाटत होती. गेल्या महिन्यात एका सकाळी काशिनाथच्या मुलीचा फोन आला. ‘‘नाना, बाबा गेले...’’ एवढंच ती बोलली. रोहे-कोलाडच्या बाजूला अजूनही काही लोक म्हणतात, की काशिनाथ मिस्त्री माणूस चांगला, पण ऑटोमॅटिक गाडी त्याच्याकडे न्यायची नाय. हे बोलणं माझ्यामुळे पसरलं आणि ते खोटं आहे.

पेणजवळ जोह्याला आमचा गणपतींचा कारखाना आहे. माझा डावा पाय लहानपणापासून अधू. त्या पायाने क्लच दाबता येत नाही, त्यामुळे पन्नाशी उलटेपर्यंत मी माझ्याच मालाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून फिरलो. मग एका कंपनीने काढून टाकलेली जुनी डिझेल पिकअप मिळाली, ऑटोमॅटिक गिअरची. क्लच नाही, उजव्या पायावर सगळं काम. पहिल्या दिवशी मी पेणपर्यंत एकटा जाऊन नुसता चहा पिऊन आलो होतो. शिवाय गिअर बदलताना तिला हिसका बसत नसे, त्यामुळे मूर्तींची बोटं, दागिने शाबूत राहत. बायको म्हणायची, ‘‘गणपतीपेक्षा जास्त तुम्ही त्या गाडीला पुसता.’’

ती गाडी काही वर्षांनी दमली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र अडून बसलेल्या बैलासारखी जागेवर. पेणच्या दोन मेकॅनिकनी हात जोडले. तिसऱ्याने काशिनाथचं नाव सांगितलं. काशिनाथ खांब गावचा, भातशेतीवाल्या घरातला. मस्कतच्या एका वर्कशॉपमध्ये त्याने अकरा वर्षं हेच गिअरबॉक्स उघडले होते आणि परत येऊन रोह्यात गॅरेज टाकलं होतं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्याने गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढून काढली, नाकाशी धरली आणि माझ्या नाकाशी आणली.

‘‘कसला वास येतो, नाना?’’

‘‘करपल्याचा.’’

‘‘भाकरी करपली तर दुसरी थापता येते. आतल्या प्लेटा करपल्यात. तेल लाल पायजे, हे बघा, कोळसा झालाय.’’

मी म्हटलं, भंगारातून दुसरा गिअरबॉक्स आणून बसवू. तो हसला. ‘‘दुसऱ्याचा म्हातारा घरात आणायचा नि त्याला काय दुखतं ते आपण शोधायचं? त्यापेक्षा आपलाच म्हातारा बरा करू.’’ मग त्याने सगळा गिअरबॉक्स सोडवला. एक जुनी चादर अंथरून निघालेला प्रत्येक भाग ओळीने मांडला. चादरीवर पाय पडला तर तो स्वतःच्या भावालाही शिव्या देई. भाग पुसायला सुती फडका चालत नाही, त्याचे धागे सुटतात आणि आतल्या बारीक वाटा बुजतात. म्हणून त्याने बायकोची नायलॉनची साडी फाडली होती. वहिनी डबा घेऊन आल्या की मला ऐकवत, ‘‘बघा नाना, साखरपुड्याची साडी हाय ती. माझ्या अंगावर दोनदा आली, तुमच्या गाडीच्या पोटात रोज जाते.’’ त्यावर काशिनाथ मान वर न करता म्हणे, ‘‘अगो, चांगल्या कामाला गेली.’’

नव्या प्लेटा, नवी सीलं घालून गाडी उभी राहिली तेव्हा तिची चाल मऊ होती. चावी देताना त्याने मला बजावलं, ‘‘इंजिन बंद तर आतला पंप बंद. पंप बंद तर तेल फिरत नाय, आणि चाकं फिरली तर आत सगळं कोरडं घासतं. कुठं बंद पडली तर क्रेनवर उचलून आणा. दोरी लावून ओढायची नाय. काय करायचं नाय?’’ ‘‘ओढायची नाय,’’ मी शाळेतल्या मुलासारखं म्हणालो.

महिनाही झाला नव्हता. गणपती दोन दिवसांवर, रोह्याच्या मूर्ती घेऊन मी निघालो आणि कासूच्या पुढे गाडी बंद पडली. कारण सांगायलाही ओशाळं वाटतं. डिझेल संपलं होतं. गडबडीत मी काटाच बघितला नव्हता. कॅन मागवून डिझेल ओतलं, पण पाइपात हवा धरली होती, इंजिन काही घेईना. क्रेनवाल्याने संध्याकाळ होईल म्हणून सांगितलं. रोह्याला लोक पाट घेऊन थांबलेले, फोनवर फोन. तेवढ्यात ओळखीचा एक टेम्पोवाला थांबला. ‘‘नाना, दोरी लावू?’’ मला काशिनाथचं बोलणं आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. तरी मी म्हणालो, ‘‘लाव.’’ कासूपासून रोह्यापर्यंत मी न्यूट्रलवर स्टिअरिंग धरून बसलो आणि मागच्या मूर्तींना काही होऊ नये एवढीच प्रार्थना करत राहिलो. मूर्तींना काही झालं नाही.

हवा काढल्यावर इंजिन सुरू झालं. चार दिवस गाडी चाललीही. पाचव्या दिवशी तेच... इंजिनचा ओरडा आणि गाडी जागेवर. मी क्रेनवर घालून ती रोह्याला नेली. या वेळी क्रेन मागवायची अक्कल मला होती. गॅरेजमध्ये त्या दिवशी जवळच्या कारखान्याचे एक साहेब बसले होते. त्यांच्या कारखान्यातल्या ऑटोमॅटिक गाड्यांचं काम काशिनाथला द्यायचं त्यांच्या मनात होतं. हे काम मिळेल म्हणून काशिनाथ वर्षभर त्यांच्या मागे होता, मला ठाऊक होतं. तरी मी दारातूनच सुरू झालो. ‘‘महिना नाही टिकलं तुझं काम! मस्कतला काय गाड्या धुवायला होतास?’’

काशिनाथ हात पुसत उठला. त्याने पट्टी ओढली, वास घेतला आणि हळू आवाजात विचारलं, ‘‘नाना, गाडी कुणी ओढली का?’’

‘‘नाय.’’

आमच्याकडे दिवसातून शंभरदा तोंडी येणारा शब्द आहे हा. जेवलास का, नाय. पाऊस आहे का, नाय. तितक्याच सहज मी तो बोललो. साहेब घड्याळात बघून उठले. काशिनाथने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, ‘‘मग माझंच चुकलं असंल. ठेवून जा.’’

साहेबांचं काम त्याला मिळालं नाही. मी मात्र पेणपासून कोलाडपर्यंत भेटेल त्याला सांगत सुटलो, की त्याला ऑटोमॅटिक जमत नाही. एकदा खोटं बोललं की ते उभं ठेवायला रोज टेकू द्यावा लागतो. हळूहळू त्याच्याकडे तसल्या गाड्या यायच्या थांबल्या. ज्या हातांनी त्या बारीक वाटा साफ केल्या, ते पुढे स्कूटर आणि पॉवर टिलर दुरुस्त करत राहिले.

माझी गाडी त्याने पुन्हा उघडून पुन्हा नीट केली. आणायला गेलो तेव्हा पुढच्या हुकाच्या वर लाल रंगात दोन शब्द लिहिलेले होते, ‘ओढू नये’. अक्षर त्याचंच. मी ते वाचलं, हे त्याने पाहिलं. मी चावी घेतली.

गेल्या पावसाळ्यानंतर कळलं, की त्याला फुप्फुसांचा आजार झाला आहे. मी भेटायला गेलो. खाटेवर उशीला टेकून बसला होता, बोलताना धाप लागत होती. मी खुर्ची ओढून बसलो, घसा साफ केला. तोच म्हणाला, ‘‘तेलाचा रंग कसा हाय, नाना?’’ मी म्हणालो, ‘‘लाल आहे.’’ तो खूश झाला. ‘‘मग अजून पळंल ती...’’ वहिनींनी चहा आणला. चहा झाला, पावसापाण्याचं बोलणं झालं आणि मी उठलो.

तेराव्याला गेलो तेव्हा वहिनींसमोर धीर करून एवढंच म्हणालो, ‘‘वहिनी, त्या गाडीचं...’’ त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. ‘‘त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं, नाना. मी म्हटलं, चारचौघांत बोला की. तर म्हणाले, त्या माणसाला ती गाडी म्हणजे पाय हाय, घाबरला असंल. येतील, आपणहून सांगतील.’’ मग म्हणाल्या, ‘‘तुम्ही शेवटी आलात ना, तेव्हा मी मुद्दाम चहाला उशीर केला होता.’’

त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी पेणहून रोह्याला जाताना मी गाडीत एकटाच मोठ्याने घोकत गेलो होतो. लांबलचक काही नव्हतं, सुकेळीची खिंड येईपर्यंत पाठही झालं होतं. काशिनाथ, गाडी ओढली होती रे. कासूपासून रोह्यापर्यंत ओढली होती, तू सांगितलेलं आठवत असताना ओढली. तुझं काम चोख होतं. मला माफ कर.