दादाची पटाची गाडी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नेरच्या बसस्टँडवर शेंगा सोलत बसले होते. “वंदना, हे गेले. तू ये,” एवढंच ती बोलली. दुपारी जेवण झाल्यावर बाजार समितीच्या ऑफिसात, खुर्चीतच दादाचं हृदय थांबलं होतं. यवतमाळला पोचले तर घरापुढे गर्दी, आणि गर्दीच्या मधोमध त्याची लाल गाडी. कोणीतरी तिच्या बोनटवर चपला काढून ठेवलेल्या. त्या मी आधी खाली फेकल्या आणि मग घरात शिरले. आता महिना उलटून गेलाय, पण त्या दिवसाची आठवण निघाली की रडारडीच्या आधी मला त्या चपलाच दिसतात. अजून राग येतो.

माझ्या भावाचा आठवडाभर कारकून आणि एखाद्या रविवारी शर्यतवाला असा दुहेरी कारभार होता. ही जुनी चौकोनी पेट्रोल गाडी सोमवार ते शनिवार ऑफिसला जायची, कधी वहिनी ती घेऊन बाभुळगावच्या शाळेत शिकवायला जायची, गॅसचं सिलिंडरही आणायची. शर्यत असली की तीच गाडी नागपूरकडच्या एका बंद मैदानावर सरळ पट्टीवर पळायची. आमचे आजोबा शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी पळवायचे. “हा बी पटच हाय वंदे, बैलं तेवढे बोनटाखाली,” असं दादा म्हणायचा. आजोबांची जोडी सुटायच्या रेषेवर शांत उभी राहायची म्हणून गावोगाव नाव होतं. दादाचाही सगळा जीव पळण्यापेक्षा उभं राहण्यातच अडकलेला असे. शर्यतीसाठी त्याने इंजिनाच्या झडपा उघडणारा कॅम बदलला होता. त्यामुळे गाडी सुसाट निघायची, पण जागेवर उभी केली की थरथरायची आणि कधी गचका देऊन बंद पडायची. तिला चौकात चहावाल्याशी बोलता येईल इतक्या शांतपणे उभी ठेवायची आणि तरी पट्टीवर कमी पडू द्यायची नाही, यासाठी तो कार्बोरेटरशी झटत बसायचा.

त्याची एक पद्धत होती. हात माझे लावायचा, कारण स्क्रू ड्रायव्हर धरायला मला लहानपणापासून आवडायचं. वहिनीला ड्रायव्हरच्या जागी बसवायचा. तिने हात स्टिअरिंगवर ठेवून नुसतं सांगायचं, झाली की नाही झाली. “मले वाटलं झाली तं तिले वाटत नाही. अन् घेऊन जाणारी ते हाय,” असं म्हणून तो हसायचा. वहिनी चिडायची. “शाळेच्या वह्या पडल्या आहेत माझ्या,” म्हणायची, आणि तरी बसायची.

तेरवीचा मंडप घालताना गाडी सरकवायची होती. ती चालू राहीना, म्हणून कोणा ओळखीच्या मेकॅनिकने रेसचा, म्हणजे उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग वाढवणारा स्क्रू आवळून दिला. झालं! तेव्हापासून गाडी जागेवर बोंबलायची, क्लच सोडला की खोकून बंद. वहिनी दोनदा शाळेच्या रस्त्यावर अडकली. आमचे काका म्हणाले, “सुनबाई, इकून टाक. रस्त्यात तुले कोन ढकलू लागन? रविवारी गिऱ्हाईक येऊन राह्यलं.” काकांचं काही चुकत नव्हतं, त्यांना काळजी होती. वहिनी भिंतीकडे बघत बोलली, “काकाजी, रविवारपर्यंत ते नीट उभी राह्यली तं घरात राहीन. नाही राह्यली तं घेऊन जाऊ द्या त्याले.”

मी शनिवारी सकाळीच नेरहून आले. इंजिन चांगलं तापू दिलं आणि पहिली चूक केली ती त्या मेकॅनिकचीच. बंद पडते म्हणून रेसचा स्क्रू आणखी आवळला. गाडी गुरगुरायला लागली, मी खूश झाले. मग पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा बारका स्क्रू फिरवला... काही फरक नाही. आत फिरवा, बाहेर फिरवा, आवाज तोच. ड्रायव्हरच्या जागी बसलेली वहिनी आतून म्हणाली, “काहीच होऊन नाही राह्यलं.” मी वैतागून पायरीवर बसले आणि तिथे दादाचं बोलणं आठवलं. “रेसच्या जोरावर उभी केली का ते उभी नसते, जागच्या जागी पयत राह्यते. मंग बारका स्क्रू मुका होते.”

म्हणजे आधी उलटं करायचं. मी रेसचा स्क्रू सैल केला, गाडी लगेच मेली. डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून ठिणगी थोडी लवकर पडेल असं केलं. पुन्हा चालू केली. थरथरली, पण तगली. आता बारका स्क्रू बोलू लागला. जरा आत घेतला की आवाज खाली, बाहेर घेतला की वर. मला दोनदा वाटलं, जमलं. वहिनी म्हणाली, “नाही. अजून नाही.” घाम डोळ्यांत उतरला, मला तिचा संताप आला, दादाचाही आला. असा मधेच कसा काय निघून गेला हा माणूस! तेवढ्यात वहिनी एकदम म्हणाली, “थांब. हात काढ.”

मी हात काढला. गाडी उभी होती.

रविवारी भर उन्हात वहिनीने काकांना शेजारी बसवून बाजारातून नेलं, मी मागे. चौकात कापसाच्या गाड्यांमागे बराच वेळ अडकलो. काका डॅशबोर्डकडे टक लावून बसले होते, आता मरेल, मग मरेल. ती मेली नाही. घरी येऊन त्यांनी गिऱ्हाइकाला फोन केला, “येऊ नको बाप्पा.”

मागच्या आठवड्यात नागपूरकडे शर्यत होती. दादाने आधीच नाव दिलं होतं, ते बदलून वहिनीने स्वतःचं लावलं. शेजारची गाडी सुटली तेव्हा आमची गाडी कुठल्या कुठे मागे राहिली, सपशेल हरलो. हेल्मेट काढून वहिनी आली तेव्हा तिचे डोळे भरलेले दिसले. मी पाठीवर हात ठेवायला गेले. तिने तो बाजूला केला.

“सुटतानी जराशी अडखळली,” ती म्हणाली. “आयकलं का तू?”

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

“मले आयकू आलं. शनिवारी ये, पाहू.”