नळीला लावलेलं कुंकू

मी चौथी नापास, सहीच्या जागी अजून अंगठाच. तिसरी पास झालो ते गुरुजींची बदली झाली म्हणून. तरीपण विमानाच्या धंद्यात बरीच वर्षं काढली. हे मी बोलतोय आणि माझी पोरगी कंप्युटरवर लिहून घेतेय. ती मधूनच हसते, तेव्हा मी थांबतो.

पुण्याजवळ मांजरी गावाच्या पलीकडं उसाच्या रानात एक छोटी खाजगी धावपट्टी होती. तिथं दोन-तीन लहान विमानं असायची. मोटारीएवढीच, फक्त पंख असलेली. मी तिथं हेल्पर. विमान शेडमधून ढकलत बाहेर काढायचं, काच पुसायची, पट्टीवरची कुत्री हाकलायची, आणि विमान उडालं की परत येईपर्यंत वर बघत बसायचं, हे माझं काम. बायकोनं माहेरी सांगितलेलं, "आमचे हे विमानात असतात." सासरे चार लोकांत मुद्दाम विचारायचे, "काय पावणं, अमेरिकेला जाऊन आलासा काय?" मी म्हणायचो, "न्हाय अजून. तिकडं कुत्री कमी हायत."

सगळ्यात चकचकीत विमान साहेबांचं. साहेब मूळचे नागपूरकडचे, शिकले पुण्यात, आणि त्यांची कंप्युटरची कंपनी. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कंप्युटर बंद पडणार अशी तेव्हा एक भीती होती. त्या भीतीवर काम करून साहेबांनी जुनं का होईना, विमान घेतलं. साल उजाडलं, काहीच बंद पडलं नाही. मी विचारलं, "साहेब, मग तुम्ही नेमकं केलं काय?" साहेब म्हणाले, "काका, काही बंद पडलं नाही ना? तेच केलं." मला हा धंदा फार आवडला. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आपल्या दारात आजवर वाघ आला नाही तो माझ्यामुळं.

या सगळ्यांच्या वर आमचे इंजिनियर. हवाई दलातून रिटायर झालेले, पेठेत राहणारे, शर्टाच्या खिशाला कायम टॉर्च. ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे आणि त्यातच माणूस मरायचा. एकदा माझ्या हातून पान्हा पडला. म्हणाले, "वस्तू सोडली की खाली पडते, हे आपण सिद्ध केलंत. आता दमला असाल, बसा जरा."

कुठलंही विमान उडायच्या आधी ते टॉर्च घेऊन त्याच्याभोवती एक फेरी मारायचे, देवळाला मारतात तशी. मग वहीत सही. ती सही झाल्याशिवाय विमान हलायचं नाही. हवाई दल धरून चौतीस वर्षं ती सही चालू होती आणि तिच्याखाली एकदाही त्यांची चूक निघालेली नव्हती. दोन वर्षांनी ते काम सोडणार होते. म्हणायचे, "मला निरोपाला शाल-नारळ नको. वही स्वच्छ घेऊन जाऊ द्या, एवढंच."

दर शनिवारी दुपारी ते आम्हाला शेडमध्ये बसवून लहान विमानांच्या अपघातांची फाइल वाचून दाखवायचे. मला वाटलेलं, विमान पडायला काहीतरी मोठं कारण लागत असेल. वीज, वादळ, असलं. तर कसलं काय! पेट्रोल संपलं. पेट्रोलमध्ये पाणी गेलं. टाकीचं झाकण लावायचं राहिलं. चार माणसांच्या विमानात चार जाड माणसं बसली, वर त्यांच्या बॅगा. समोर ढग दिसत असून जेवायला घरी पोचायचं म्हणून घुसले. मी चाटच पडलो. हे सगळं मी मोपेडवर करून बसलेलो! पेट्रोल संपून धायरीपासून ढकलत आलेलो. बायको, मेव्हणी आणि मार्केट यार्डातनं घेतलेलं कांद्याचं पोतं घेऊन चढावर पुढचं चाक हवेत उचललेलं. फरक एवढाच की मोपेड बंद पडली की माणूस खाली उतरतो. विमानातला पण उतरतोच, फक्त विमानासकट.

फाइल मिटताना इंजिनियर म्हणायचे, "विमान पडत नसतं हो. आपण जमिनीवर उभे राहून पाडतो." मी मान हलवायचो. मला वाटायचं, हे बाकीच्यांना सांगतायत.

आता त्या नळीचं सांगतो. पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते, पुढं तोंड करून. तिच्या भोकात वारा शिरतो आणि त्यावरून आतल्या काट्याला कळतं विमान किती वेगात चाललंय. वेग फार कमी झाला तर विमान पंखांवर राहत नाही, दगडासारखं खाली येतं. म्हणून त्या काट्याला फार मान. पण त्या भोकात गांधीलमाशी घर करते. त्यामुळं विमान उभं असलं की नळीला कापडाची टोपी घालायची आणि उडताना काढायची. हे काम माझ्याकडं होतं. टोपी घालायची, टोपी काढायची. याच्यात माणूस काय चुकणार?

खंडेनवमी आली. पुण्यात त्या दिवशी लोक लेथपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्याला हळदकुंकू वाहतात, मग विमानानं काय पाप केलं? दरवर्षी आमच्याकडं पूजा आधी, टॉर्च नंतर. त्या वर्षी पूजा सांगणाऱ्या गुरुजींकडं गर्दी. हडपसरच्या कारखान्यांतल्या मशिनी उरकून ते येणार होते. इंजिनियर म्हणाले, "गुरुजीच मुहूर्त पाळत नाहीत, तर मी कशाला पाळू?" त्यांनी फेरी मारली, नळीत टॉर्च मारली, टोपी परत घातली, सही केली. ऑफिसात जाताना मला बजावलं, "अहो, पूजा चाकाची करा. बाकी कशालाही हात लावू नका. हे वाक्य सोपं आहे ना?"

"सोपं हाय की," मी म्हणलं.

गुरुजी आले, चार मंत्र म्हणले, ताट माझ्या हातात दिलं आणि पुढच्या कारखान्याला पळाले. मी चाकाला कुंकू लावलं. तेवढ्यात साहेब आले आणि म्हणाले, "काका, आज तुम्ही माझ्यासोबत वर चला. दसऱ्याचं गिफ्ट."

इतकी वर्षं विमानं ढकलली, पण बसलो एकातही नव्हतो. मला एकदम भक्ती आली. ज्याच्यात आपण बसणार त्याची पूजा अशी पायाशी उरकायची? टिळा तोंडाला लावतात. पुढच्या पंख्याला हात लावायचं धाडस होईना. तेवढ्यात नळी दिसली. पुढं आलेली, नाकासारखी. टोपीवरून टिळा लावला तर तो टोपीला लागणार, म्हणून टोपी काढून खिशात घातली. बोट ओल्या कुंकवात बुडवलं आणि नळीच्या तोंडावर टिळा लावला. दाबून लावला, पुसला जाऊ नये म्हणून. वर अक्षता चिकटवल्या. साहेबांनी बघितलं. टोपी काढलेली दिसली, त्यांना वाटलं काम झालं. टिळ्यापुढं हात जोडून आत बसले.

कुंपणाला बायको, मेव्हणी आणि गल्लीतल्या अर्ध्या बायका. साहेबांच्या ऑफिसातली पोरं कॅमेरे घेऊन. विमान पळायला लागलं. साहेबांनी काट्याकडं बघितलं, काचेवर टिचकी मारली. काटा शून्यावर. फाइलमध्ये मी शंभरदा ऐकलेलं की अशा वेळी थांबायचं. पण एवढ्या लोकांसमोर थांबून काय सांगणार? साहेब म्हणाले, "असेल काहीतरी," आणि विमान उचललं.

वर चढलो तसा काटा जागा झाला आणि पळतच सुटला. नळीचं भोक बुजलं की वर चढताना काटा खोटाच वाढतो, हे मला मागनं कळलं. साहेबांना वाटलं, वेग फार झाला, आता पंख निखळणार. त्यांनी इंजिन कमी केलं, नाक वर केलं. काटा आणखी वर. परत कमी केलं. मग कुठंतरी पॅं करून हॉर्न वाजायला लागला. मला वाटलं मागनं कोणीतरी साईड मागतंय. मी मागं वळून बघितलं.

"काका, मागे काय बघताय? तो हॉर्न आपलाच आहे!"

"कशाचा?"

"स्पीड संपल्याचा! पण काटा तर ओव्हरस्पीड दाखवतोय. व्हॉट द हेल!"

मी घाम पुसायला खिशातनं रुमाल काढला. हातात रुमाल नव्हता, नळीची टोपी होती. माझं लाल बोट त्या टोपीवर. तेव्हा मला कळलं की शनिवारची फाइल कुणासाठी वाचत होते.

"साहेब, काट्याचं ऐकू नका. मी कुंकू लावलंय."

"कुणाला?"

"नळीला."

साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं विमान तसंच सोडून आधी मला मारतात. पण त्यांनी नाक खाली केलं, इंजिन वाढवलं. हॉर्न थांबला. मग रेडिओवर खाली सांगितलं, काटा गेलाय. कुंकवाचं बोलले नाहीत.

इंजिनियरांचा आवाज आला, दूधवाल्याशी बोलावं तसा. "बरं. त्या काट्यावर रुमाल टाका, म्हणजे मोह होणार नाही. इंजिनचा आवाज रोज उतरताना असतो तसा ठेवा. नाक क्षितिजाच्या खाली, रोजच्याइतकंच. आपण हे शंभरदा केलंय. आणि शेजारच्या गृहस्थांना सांगा, डोळे उघडे ठेवायला हरकत नाही."

रुमाल नव्हताच. मी काट्यापुढं टोपी धरली. माझ्या हातून त्या दिवशी टोपी बरोबर जागी गेली ती एवढीच.

उतरलो, पण साहेबांनी भीतीपोटी वेग जास्त ठेवलेला. पट्टी संपली तरी आम्ही चाललोच होतो. सरळ उसात शिरलो आणि थांबलो. समोरच्या काचेवर पाचट, शेजारी ऊस. आम्हाला ओरखडासुद्धा नाही. विमानाचा पंखा तेवढा वाकला. बायको धावत आली. मला वाटलं आता रडणार. ती मेव्हणीला सांगत होती, "बघ, उतारलं की कसं कडंला लावत्यात. रस्ता मोकळा राहतो."

दुपारी शेडमध्ये आम्ही तिघंच. वर सरकारकडं रिपोर्ट पाठवायचा होता आणि त्यात कारण लिहायचं होतं. इंजिनियरांनी नळी काढून टेबलावर ठेवलेली, पांढऱ्या कागदावर.

साहेब म्हणाले, "सर, गांधीलमाशी लिहून टाका ना. कॉमन आहे. काकांची नोकरीपण राहील."

मला साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं. पण इंजिनियरांनी वही पुढं ओढली. "गांधीलमाशी लिहिली, म्हणजे सकाळी नळीत माशीचं घर होतं आणि ते मला दिसलं नाही. असंच होईल ना?"

चौतीस वर्षांची वही टेबलावर आणि माझी नोकरी माझ्या तोंडात. किती वेळ गेला माहीत नाही. इंजिनियरांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला वाकले.

"इंजिनियरसाहेब, माशी न्हवती," मी म्हणलं. "मी व्हतो."

सगळं सांगितलं. चाक, भक्ती, नाक, टिळा. दाबून लावला हे पण सांगितलं. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी टाचणी घेतली, नळीच्या भोकात घातली आणि हळूच एक लाल दाणा बाहेर काढून कागदावर ठेवला. तांदूळ.

"अक्षता वाहणारी गांधीलमाशी अजून पुण्यातसुद्धा निघालेली नाही," ते म्हणाले. "मला उसातच कळलं होतं. बाहेरून टिळा दिसत होता हो."

"मग माशी लिहीत का होता?" साहेबांनी विचारलं.

"लिहीत नव्हतो. वाट बघत होतो. जरा लांबलीच."

मग त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. तपासणीनंतर हेल्परनं नळीला कुंकू व अक्षता लावल्या. वैमानिकानं काटा शून्यावर असताना उड्डाण थांबवलं नाही. आणि शेवटी, तपासणी पूजेच्या आधी उरकली, ही इंजिनियरची चूक. त्याखाली स्वतःची सही.

"शेवटचं कशाला?" मी म्हणलं. "वही खराब झाली की."

"खरी झाली," ते म्हणाले. "करा अंगठा."

मी शाई शोधायला लागलो. ते म्हणाले, राहू दे, आणि पूजेचं ताट पुढं सरकवलं.

पुढच्या शनिवारी फाइल वाचताना त्यांनी आमचापण अपघात वाचला. नाव घेतलं नाही. सगळे हसले, मी पण हसलो, एवढं की ते म्हणाले, "आपल्याला नव्यानं कळला वाटतं."

माझी नोकरी राहिली. पुढच्या खंडेनवमीला गुरुजी वेळेवर आले. मी चाकाला कुंकू लावलं आणि दोन्ही हात मागं बांधून उभा राहिलो. पूजा झाल्यावर इंजिनियर टॉर्च घेऊन आले, फेरी मारली, नळीत बघितलं आणि मला हाक मारली. "या. आपणही बघा."

मी डोळा लावला. "काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाय. नुसतं भोक."

"तेच दिसायला हवं." त्यांनी वही उघडली. त्यांच्या सहीच्या शेजारी पट्टीनं आखलेला एक नवा चौकोन होता. त्यांनी शाईची डबी पुढं केली. "करा अंगठा. आधी हात धुऊन या मात्र."