त्यांचा गुरुवार, माझी पाठ

मी पाठीवर पडले. कंबरेएवढ्या चौथऱ्यावरून, डोळे मिटून, हात छातीशी बांधून. खाली आठ जणी समोरासमोर उभ्या होत्या, झेलायला. पायांपासून कंबरेपर्यंत धरलं गेलं. खांद्याखाली हातच नव्हते. डोकं गवतावर आपटलं, कोपर मुरमावर सोललं, श्वास अडकला.

आधी कुणीतरी हसलं. मग सर म्हणाले, "असू द्या, असू द्या. चुकून होतं."

सर म्हणजे शिबिराचे मालक. जळकोटच्या पुढं माळावर त्यांचं साहस शिबिर चालतं. तिथं गटाचे खेळ घ्यायचे, दोर बांधायचे, माणसांना एकमेकांवर भरवसा ठेवायला शिकवायचं, हे माझं काम. त्या दिवशी लातूरच्या एका मोठ्या शाळेच्या बारा शिक्षिका आल्या होत्या. या खेळाचा रिवाज असा, की खेळ घेणारीनं आधी स्वतः पडून दाखवायचं. मी शेकडो वेळा पडले आहे. आठवीच्या पोरींनी झेललं आहे मला. एकदाही जमिनीला लागले नव्हते.

चुकून म्हणे.

सकाळी उपासाची खिचडी खाताना एका थोरल्या मॅडमनी विचारलं होतं, "गाव कुठलं गं तुझं?"

"देवणीजवळचं."

"आडनाव?"

सांगितलं. चमचा थांबला. "हो का? वाटत नाही बघ. बोलतीस किती छान."

आणि मी हसले. कामावर होते, म्हणून हसले. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

खाली पडल्या पडल्या मला सहावीतलं मैदान आठवलं. खो-खोत पाठीला हात लावून खो द्यावा लागतो, नाहीतर फाऊल. आमच्या संघातली पाटलाची पोरगी माझ्या पाठीला हात लावायची नाही. मागून नुसतं 'खो' ओरडायची. मी उठायचे, पंच शिट्टी मारायचा. तालुक्याला आम्ही हरलो. गुरुजी सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुला कळत न्हाई का गं, कधी उठायचं ते?" तिला कुणी काही विचारलं नाही. मी पण गप्प बसले. घरी सांगितलं, पाय मुरगळला. आई हळद लावत बसली, धडधाकट पायाला.

आता मी बत्तीस वर्षांची होते, आणि तेच. मी उठले. सगळ्यांना गोलात बसवलं. प्रत्येक खेळानंतर आम्ही असं बसतो आणि तीन प्रश्न विचारतो: काय झालं, कसं वाटलं, यातून काय घेतलं. कोपरातून रक्त येत होतं. पुसलं नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

सर मला म्हणाले, "मॅडम, लई ताणू नका. जेवण तयार हाय."

"तुमचाच नियम हाय सर. उत्तर आल्याबिगर गोल मोडायचा न्हाई."

शेवटी सगळ्यात लहान मॅडम मान खाली घालून बोलल्या, "माझ्या समोरच्या मॅडमनी हात मागं घेतले. मला एकटीला धरता आलं नाही."

समोर होत्या थोरल्या मॅडम. त्या शांतपणे म्हणाल्या, "मार्गशीर्षातला गुरुवार आहे. सकाळी घट मांडून निघाले मी. बाकी माझ्या मनात काही नाही."

"सकाळी हात गुंफायचा खेळ झाला, मॅडम. अर्धा तास दोघींचे हात धरून होतात. तेव्हा गुरुवार नव्हता का?"

त्यांनी पदर सारखा केला. बाकीच्या गवत उपटत बसल्या. अकरा शिकलेल्या बायका. रोज वर्गात समतेचा धडा शिकवणाऱ्या.

सरांनी मला बाजूला घेतलं. "शाळेचं गिऱ्हाईक तुटंल आपलं. त्यांची माफी मागा. न्हाईतर उद्यापासून खेळ सोडा, स्वयंपाकाकडं बघा."

"माझ्या हातचं त्या खातील का, सर?"

सर इकडं तिकडं बघायला लागले. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्यापासून. 'चुकून' हा शब्द त्यांनी माझ्यासाठी नव्हे, थोरल्या मॅडमसाठी उच्चारला होता.

माफी मागितली नाही. संध्याकाळच्या एसटीनं देवणीला आले. त्या शिबिरात परत पाय ठेवला नाही.

आता मी नांदेडकडच्या शाळांमध्ये स्वतः खेळ घेते. चौथऱ्यावर चढायच्या आधी पूर्ण नाव सांगते. आडनाव सांगते, वस्ती सांगते, जातही सांगते. मग म्हणते, ज्यांना हात मागं घ्यायचेत त्यांनी आत्ता घ्या, माझ्या तोंडावर. जी घेईल तिनं खेळाबाहेर जायचं, मग ती मुख्याध्यापिका असो नाहीतर संस्थाचालकाची सून. मी मैदान सोडणार नाही.