रुखमाबाईंचा राग जिनिव्हापर्यंत नेणाऱ्या सुमनताई

चिखलीच्या न्यायालयात नवा काळा कोट घालून मी अ‍ॅड. सुमनताई वानखडे यांच्यासमोर पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझे गुण विचारले नाहीत. "अमडापूरच्या बाजारात लोक बोलतात ते समजतं ना?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो आणि त्यांचा कनिष्ठ झालो. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्या काळातली एकच हकिगत सांगतो.

अमडापूरजवळच्या एका गावात रुखमाबाई शाळेची खिचडी शिजवत. त्यांची जात काढून काही पालकांनी मुलांना घरून डबे द्यायला सुरुवात केली आणि शाळेच्या समितीनं 'उगाच वाद नको' म्हणत रुखमाबाईंनाच घरी बसवलं. पंचायत समितीतला त्यांचा अर्ज धूळ खात पडला.

भेदभावाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराची एक समिती जिनिव्हात बसते. आपला देश त्या करारात आहे, पण एकट्यादुकट्याची तक्रार ऐकण्याचा अधिकार आपण तिला दिलेला नाही. सरकारच्या अहवालासोबत नागरिकांचा पर्यायी अहवाल मात्र तिच्यापुढे ठेवता येतो. रुखमाबाईंचं म्हणणं त्यात घालायचं, असं ताईंनी ठरवलं.

मसुदा माझ्याकडे आला आणि मी लेखणी सैल सोडली. 'पीडित महिला अश्रू ढाळत घरी परतली,' वगैरे. ज्याची हकिगत त्याला त्याच्या बोलीत वाचून दाखवल्याशिवाय कागद बाहेर जायचा नाही, हा ताईंचा शिरस्ता. ओट्यावर बसून मी वाचत होतो, तोच रुखमाबाईंनी मला थांबवलं. "काऊन हो वकीलसाहेब, मी कवा रडली? मले राग आला होता!" माझं तोंड एवढंसं झालं. ते पान मी पुन्हा लिहिलं, आणि खरं सांगतो, वकिली मी त्या दिवशी शिकलो.

समितीच्या शिफारशींत शाळेतल्या स्वयंपाकिणींविषयी एक वाक्य आलं. मी पेढे घेऊनच गेलो. रुखमाबाईंनी शांतपणे विचारलं, "मंग मले कामावर कवा घेतात?"

खोटा दिलासा देणं ताईंच्या स्वभावात नाही. त्या म्हणाल्या, "ते तिथून होत नाही, बाई. त्यायनं सरकारले विचारलं. आता हाच कागद घेऊन आपण इथं विचारू."

मग दर सोमवारी दोघी पंचायत समितीत जाऊन बसत. साहेब बदलले, तरी यांचा बाक बदलला नाही. अखेर रुखमाबाईंना परत घेण्याचा आदेश निघाला. काही डबे अजूनही घरून येतात, हे ताई आम्हाला विसरू देत नाहीत.

गौरव समारंभ सकाळी अकराला ठरला होता. निमंत्रण द्यायला गेलो, तर रुखमाबाई म्हणाल्या, "येईन ना. पण पोरायचं जेवण उरकल्यावर." हे कळताच ताईंनी कार्यक्रम तीनला ढकलायला लावला. मोठ्या पाहुण्यांची कुरकुर त्यांनी कानाआड केली.

माझ्या या गुरूंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मनापासून मागतो. त्यांना पहिला हार रुखमाबाई घालणार आहेत, खिचडीची भांडी घासून झाल्यावर.