सुरीचं घर

दादा मंगळवारी गेला. सकाळी तो बागेत केळीचे घड उतरवत होता. दुपारी यावलच्या दवाखान्यात होता. संध्याकाळी मी जळगावहून पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती.

दिवसकार्य आटोपल्यावर त्याच्या वस्तूंचा विषय निघाला. कपडे दिले, चपला दिल्या. राहिली घड कापायची सुरी. लोहाराने गाडीच्या पाट्यापासून घडवलेली, आणि दादा रोज दगडावर घासायचा म्हणून मधोमध बारीक झालेली. तो ती गोणपाटात गुंडाळून कमरेला खोचायचा. ते गोणपाट त्या दिवशी बागेतच कुठेतरी राहिलं.

"उघडं लोखंड या घरात नको," आत्या म्हणाली. "तापीत सोडून द्या."

वहिनींनी सुरी मांडीवरून हलवली नाही. बाग आता त्याच करणार होत्या, आणि त्यांना दुसऱ्या सुरीने करायची नव्हती. माहेर सोनगीरचं, मनातलं बोलायचं झालं की त्या अहिराणीवर येतात.

"उघडी नको ना? मंग भाऊ, तिले घर करी द्या."

मी म्यान म्हणालो असतो. म्यान तलवारीला असतं, आणि माझ्या ओळखीच्या तलवारी सगळ्या पुस्तकांतल्या. चष्म्याला असतं तसं घर वहिनींना हवं होतं. आत्याने अमावस्येपर्यंत थांबायचं कबूल केलं.

जळगावला मी काम करतो त्या वाचनालयासमोर एक चाचा बैलांचे गळपट्टे शिवतात. सुरी पाहून ते म्हणाले, "मास्तर, कुणाच्या गळ्यावर ठेवायची?"

"केळीच्या."

"मग जाड कातडं घ्या. केळ मरताना अंगावर चीक थुंकते."

त्यांनी बाभळीच्या सालीत कमावलेला तुकडा दिला, आरी दिली, मेण लावलेला दोरा दिला. कातडं भिजवून सुरीवर बसवा, पण सुरी आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा, असंही सांगितलं. मला वाटलं, प्लास्टिकने आकार ढिला येईल. मी उघड्या पात्यावरच ओलं कातडं दाबलं, चमच्याच्या दांड्याने कडा उठवल्या आणि वाळत ठेवलं. खूप दिवसांनी हातांना काम होतं. दादाने बाग सांभाळली म्हणून माझे हात आयुष्यभर पुस्तकांची पानं उलटत राहिले. त्या दुपारी ते त्याच्यासारखे दुखले, आणि मला बरं वाटलं.

वाळल्यावर बदामी कातड्याच्या आतून बाहेरपर्यंत निळसर काळा डाग उतरला होता. मुठीपासून टोकापर्यंत, मधोमध बारीक, हुबेहूब पात्यासारखा.

"लोखंडाने सही केली," चाचा हसले. "आता सगळंच काळं करा." गुळाच्या पाण्यात गंजके खिळे मुरवून केलेल्या काळ्या रंगाची बाटली त्यांनी माझ्या पिशवीत ठेवली.

मला रंग द्यायचा नव्हता. ती बारीक कंबर दादाच्या हाताने पडली होती. मी घर शिवलं आणि तसंच यावलला नेलं.

वहिनींनी ते उलटंसुलटं पाहिलं. "पुस्तकं वाचीसन शिकनात का हाई?"

"चुकून झालं."

डागावरून त्यांचं बोट टोकापर्यंत गेलं आणि तिथे थांबलं. मी म्हणालो, "असंच ठेवू या, वहिनी. रंग नको."

"ठेवानं नही शे, भाऊ. वापरानं शे. चीक लागी तं बठ्ठं डागडाग व्हई. काळं करी टाका."

मग अंगणातच बसलो. त्यांनी घर धरलं, मी चिंधीने ते पाणी लावत गेलो. बदामी कातडं आमच्या डोळ्यांदेखत राखाडी झालं, मग काळं. दादाची रेघ त्यात बुडाली. वहिनींची बोटंही काळी झाली. "केळीना डागच बरा व्हता," त्या म्हणाल्या आणि मंगळवारनंतर पहिल्यांदा हसल्या. आत्याने ओट्यावरून पाहिलं. सुरी घरात गेल्याचा आवाज तिने ऐकला आणि तापीचं नाव पुन्हा काढलं नाही. मी तिचाही आभारी आहे.

वहिनी बागेत जातात तेव्हा सुरी त्यांच्या कमरेला असते. घर बाहेरून काळं आहे. आतल्या बाजूला रंग लावला नव्हता. तिथे पात्याचा डाग आहे.