देवकीने राखलेली पट्टी

मॉरिशसच्या ऊसमळ्यांत देवकीसारखं कुणी खुरपत नाही, असं ती स्वतःच सांगायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. अकराव्या वर्षापासून हातात खुरपं. नवरा गेल्यावर त्याच खुरप्यावर तिने दोन पोरी उजवल्या.

१९५८ साली मळ्याच्या गोऱ्या मालकाने शेतकी कॉलेजला देणगी दिली. पेपरात फोटो, दानशूर म्हणून वाहवा. गावचा इंद्रदेव त्याच देणगीवर शिकत होता. त्याच्या संशोधनासाठी मळ्यात दोन पट्ट्या आखल्या. एकीतलं तण औषध फवारून मारायचं, दुसरीतलं देवकी आणि पाच बायकांनी खुरपायचं.

"काकी, ज्यात फायदा जास्त, तेच मालक सगळ्या मळ्यात करणार," इंद्रदेवने सांगितलं.

झालं! औषध जिंकलं तर आपली चूल विझली, एवढं देवकीला कळलं. मग सहाही बायका रविवारी, मुकादमाच्या नकळत, फुकट राबू लागल्या. देवकीची जाऊ भगवती पोटुशी होती. तिचं मूल त्याच सरीत पडलं. पंधरा दिवसांनी देवकीनेच तिला परत ओढून आणलं. दयामाया तेव्हा कुणाला परवडत होती?

तोडणीला देवकीच्या पट्टीतला ऊस जास्त भरला. ती ताठ मानेने इंद्रदेवपुढे उभी राहिली.

"बग, तुज्या औषदाला हरवला! आमी दिमांसला पन येत होतो. फुकट!"

इंद्रदेवने लगेच वही उघडली. "किती रविवार, काकी? किती तास?"

तिने हौसेने एकेक रविवार मोजून दिला. औषधाच्या पट्टीला एक माणूस आणि एक सकाळ पुरली होती. खुरपणीच्या तासांत आता रविवारही धरले गेले, आणि थोडा जास्त ऊस त्यापुढे कुठल्या कुठे गेला.

अहवाल छापला. पहिल्याच पानावर देणगीदाराचे आभार. बायकांचं नाव कुठेच नाही. मालक खूश झाला आणि इंद्रदेवला पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. निघताना तो देवकीच्या पाया पडला. तिने तोंड भरून आशीर्वाद दिला. तोपर्यंत तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

पुढच्या सोमवारी मुकादमाने सहाही खुरपी काढून घेतली. "औषधात घालायला पाणी वाहायचंय. बाई एकच पाहिजे."

सगळ्यांच्या वतीने देवकीच बोलेल म्हणून बायका तिच्याकडे पाहत राहिल्या. भगवतीने तिचा हात घट्ट धरला होता.

देवकीने तो सोडवला आणि पुढे झाली. "मी हाय."