घरगाडीच्या मागची गाडी

जगदीश खंडारे तेरा वर्षं बहारीनमध्ये राहिला, पण बहारीन त्यानं पाहिलं ते जास्त करून उताणं पडून. तुबलीच्या गॅरेजात, गाड्यांच्या पोटाखाली. गिअरबॉक्सचं दुखणं त्याला आवाजावरून कळायचं. समोरच्या रस्त्यानं एखादी गाडी गेली की खालूनच ओरडायचा, "समाधान, ऐक लेका, तिसरा गिअर दात खाऊन राह्यला!" अन् चार दिवसांनी तीच गाडी आमच्या दारात उभी.

समाधान म्हणजे मी. त्याच गॅरेजात पार्ट्सच्या खिडकीवर बसायचो. त्याचं गाव मंगरूळकडलं, माझं कारंज्याकडलं, अन् हूरा वस्तीत एकाच खोलीत आमच्या खाटा. दोघं वऱ्हाडीच बोलायचो. पुण्या-मुंबईचे इंजिनियर गाडी घेऊन आले की आमचं बोलणं ऐकून हसायचे. हसोत बापडे. गाडी बिघडली की त्यांनाच यावं लागे, आम्ही कुठं जात नव्हतो.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी आंघोळी उरकून दहा-बारा जण आमच्या खोलीत जमायचे. भिंतीवर बुद्ध अन् बाबासाहेब, खाली मेणबत्ती. त्रिशरण-पंचशील म्हणायला पुढं नेहमी जगदीश. आवाज खडा, अन् माणूस तसाच सरळ. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचा, "हे गाडी विकून टाका, माहा अन् तुमचा टाइम खराब करू नका." मालक चिडायचा, पण गिऱ्हाईक वळून त्याच्याकडंच यायचं. जगदीशनं सांगितलं म्हणजे खरं, असं तुबलीत झालं होतं. त्याची कमाई म्हणाल तर ती.

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीत नजीबसाहेब ती घरगाडी घेऊन आले. नजीबसाहेब बहारीनचेच, रिफायनरीतून रिटायर झालेले, पोट पुढं, बोलणं गोड. तिथं हिंदुस्थानी माणसांत जन्म काढलेला, त्यामुळं मोडकी का होईना, हिंदी बोलायचे. मायदेशी निघालेल्या एका अमेरिकन माणसाकडून त्यांनी ती गाडी घेतली होती. बसएवढं धूड. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडाससुद्धा. जगदीश आत चक्कर मारून आला अन् म्हणाला, "बाप्पा! घरच हाय हे. निस्तं अंगण नाई."

साहेबांचा बेत मोठा होता. मे महिन्यात बायकोला, झोहराबाईंना घेऊन निघायचं. समुद्रावरचा पूल ओलांडून सौदी, मग जॉर्डन, सीरिया, अन् पार इस्तंबूलपर्यंत. तीन महिने. पण हे धूड जुन्या शहराच्या गल्लीत शिरायचं कसं? म्हणून मागं एक छोटी गाडी बांधून न्यायची. मुक्कामाला घरगाडी उभी करायची अन् छोटी सोडून गावात फिरायचं. ते विचारायला आले होते ते एवढंच, की मागं कोणती गाडी बांधू?

"जगदीश, तुम जो बोलेगा वो. खलास."

यातली गोम सांगतो. ऑटोमॅटिक गाडी चारी चाकांवर ओढत नेली तर चाकांबरोबर गिअरबॉक्सचं पोटही फिरतं, पण इंजिन बंद असल्यानं आत तेल पोचत नाही. कोरडंच घासतं, अन् जळतं. मागं बांधायला बरी ती साधी, हातानं गिअर टाकायची छोटी जीप. तिला गिअरशेजारी अजून एक दांडी असते. ती मधात आणली की चाकं फिरतात अन् आतलं सारं गप्प बसतं. वजनाला हलकी, बांधायला सोपी, मेकॅनिकची गरज नाही. तशी एक पांढरी जीप आमच्या गॅरेजच्या मागंच विकायला उभी होती. जगदीशनंच तिचा गिअरबॉक्स नुकता खोलून नव्यानं भरला होता.

तो हात पुसत साहेबांना मागं घेऊन निघाला. ती जीपच दाखवायला, हे मला खिडकीतून दिसत होतं. तेवढ्यात साहेब चालता चालता बोलून गेले, "रास्ते में मेकॅनिक का काम रहेगा, तो तुमको भी साथ ले जायेगा."

जगदीश थांबला. जीप चार पावलांवर होती. तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "सोच के बताता साब."

दुपारी चहाला मला म्हणाला, "समाधान, अकरा वर्षांत किती गाड्या पुलापार धाडल्या आपण? म्या तं तो पूल बी पायला नाई. मले एकदा गाडीत बसून जायचं हाय. गाडीखाली नाई."

"मंग जीप सांगशील तं तुले कायले नेतीन ते?"

"थेच तं."

दोन दिवसांनी साहेब झोहराबाईंना घेऊन आले. बाई पन्नाशी उलटलेल्या, अंगानं भरलेल्या, हिरवी मोठी ऑटोमॅटिक गाडी स्वतः चालवत. जगदीशनं त्या हिरव्या गाडीवर हात ठेवला अन् सांगितलं, हीच मागं बांधा. मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट दर खेपेला बोल्ट काढून उतरवायचा, मुक्कामाला परत चढवायचा. मग गिअरबॉक्सला धोका नाही. "लेकिन मेकॅनिक मंगता साब. रोज का काम है."

"और वो छोटा जीप?" साहेबांनी बोट दाखवलं. त्यांना कोणीतरी सांगितलं असावं.

"हलका है. हवा में डोलता. और मॅडम को गिअर नहीं आता. घुटना दुखता मॅडम का, क्लच कैसा दबायेगा?"

झोहराबाई ताडकन म्हणाल्या, "घुटना मेरा है. मैं सीखेगी. तुम सिखाओ, इधर मैदान में."

"मुश्किल है मॅडम. पहाड का रस्ता है. ये उमर में नको."

बाई "अच्छा," म्हणाल्या अन् गाडीत जाऊन बसल्या. मी खिडकीतच होतो. उठून एक शब्द बोललो नाही. माणसाला एकदा पूल पाहू द्यावा, असं मला वाटलं. त्याच्या खोट्यात माझाही तेवढा वाटा.

त्या शुक्रवारी पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं बोलणार नाही म्हणतात तिथं, जगदीश घाईनं पुढं गेला. मागून म्हणणारे अडखळले. कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं.

मार्च-एप्रिल त्यानं जीव लावून काम केलं. हिरव्या गाडीला पुढं लोखंडी चौकट जोडली, घरगाडीला मागं हूक बसवला, शाफ्ट काढल्यावर तेल गळू नये म्हणून बूच बनवलं. ओढून बघायला साहेबांनी त्याला पुलाच्या मधल्या बेटापर्यंत नेलं. तिथवर जायला बिनकागदाचं चालायचं. जगदीश पुढच्या सीटवर बसून गेला. आला तो असा बोलत होता, की जणू इस्तंबूल पाहून आला. "दोई बाजूनं पानी, लेका! अन् आपन वर! काचेतून पायतो!" दुसऱ्या दिवशी गाडीखाली शिरायला दुपार केली.

अन् एप्रिलच्या शेवटी मालक म्हणाला, मफी. नाही. तीन महिने गिअरबॉक्स कोण खोलणार? पासपोर्ट मालकाच्या कपाटात. त्याच्या कागदाशिवाय सौदीचा व्हिसा नाही. नजीबसाहेब स्वतः येऊन बोलले, कॉफी पिऊन गेले. तरी मफीच.

निघायला आठ दिवस होते. जीप अजून विकली गेली नव्हती. मी म्हणालो, "जाय, अन् सांग त्यायले. जीप घ्या म्हना."

"काय सांगू? का म्या माह्यासाठी गाडी ठरवली म्हनून?"

"हाव. थेच सांग."

"अकरा वर्षांत माहा शब्द एकदा बी खाली पडला नाई, समाधान."

"मंग आता पडू दे ना बे. तुबलीतच पडन, आपल्या दारात. तिकडं दूर पडला तं उचलाले कोन जाईन?"

तो पान्यांचा डबा लावत बसला. एक-एक पाना पुसून, नंबरानं. दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांना चटई टाकून दिली अन् शाफ्ट कसा उतरवायचा ते शिकवलं. ते पोट घेऊन साहेब गाडीखाली शिरले, दोनदा काढून दोनदा लावला, अन् घामाघूम बाहेर येऊन म्हणाले, "आसान है!" जगदीश म्हणाला, "हर बार निकालना साब. एक बार बी भूलना नहीं." एवढं खरं तो बोलला. अर्धं खरं.

मे लागताच साहेब निघाले, अन् बाराव्या दिवशी परत आले. हिरवी गाडी नव्हती.

चार दिवस त्यांनी इमानानं शाफ्ट काढला होता. पाचव्या दिवशी भर उन्हात, खालच्या वाळूनं पाठ भाजत होती, कंबर धरलेली. पुढचं गाव जवळच आहे म्हणून शाफ्ट न काढताच निघाले. गाव जवळ नव्हतं. मागून धूर आला तेव्हा थांबले. गिअरबॉक्स जळून गेला होता. गाडी तिकडंच एका यार्डात टाकावी लागली. पुढं जायला मन राहिलं नाही, परत फिरले.

मला वाटलं, साहेब शिव्या देतील. ते खजुराचा डबा घेऊन आले. जगदीशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्हारा गलती नहीं. तुमने बोला था. मैं आलसी आदमी."

शिवी दिली असती तर जगदीश कदाचित गप्प राहिला असता. खजूर त्याच्यानं घेववला नाही. तो बाहेर घरगाडीत बसलेल्या झोहराबाईंकडं वळला अन् म्हणाला, "मॅडम, जीप ठीक था. वोईच ठीक था."

बाईंनी विचारलं, "कब से मालूम?"

"पहला दिन से."

"और मेरा घुटना?"

साहेबांना आधी कळलंच नाही, मग कळलं. डबा दुरुस्तीला आलेल्या एका गाडीच्या बॉनेटवर ठेवलेला होता, तो तिथंच राहिला. झोहराबाई म्हणाल्या, "यल्ला, नजीब, चलो," अन् काच वर केली. त्यानंतर त्यांची कोणतीच गाडी आमच्याकडं आली नाही. घरगाडी विकली असं कानावर आलं.

पुढच्या शुक्रवारी सगळे जमले, मेणबत्ती लागली, अन् जगदीश मागच्या ओळीत जाऊन बसला. "घसा बसला हाय," म्हणाला. घसा पुढं दोन वर्षं बसलेलाच राहिला. मलाच पुढं व्हावं लागलं. माझा आवाज फाटका, पण तो मागून माझ्यामागं म्हणायचा, चौथं शील जरा हळू.

खंत त्याला कशाची जास्त होती, पुलापार जायचं राहून गेल्याची की शब्दाची, हे मी कधी विचारलं नाही. नव्व्याण्णवमध्ये तो कायमचा गावी गेला. विमानातून पूल दिसला का, तेही विचारलं नाही.

पण त्याआधीची एक दुपार आठवते, मागची जीप विकली गेल्यानंतरची. जगदीश एका व्हॅनखाली होता, पाय तेवढे बाहेर. समोरच्या रस्त्यावर एक गाडी वळणाला हळू झाली अन् परत वेगात निघाली. खालून आवाज आला, "समाधान, थे आपल्या मागची पांढरी जीप ना? कोन चालोते?"

मी मान काढून पाहिलं. "झोहराबाई."

खालचा पाना थांबला. जीप चौकात पोचली.

"तिसरा साफ टाकला बाईनं," मग म्हणाला. "क्लच पुरा दाबून."